उतारवयातील बळ : स्नायू, हाडे आणि ‘ड’ जीवनसत्त्व

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात अस्थिरोग व भौतिकोपचार विभागांच्या वतीने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षभरात आपल्या विभागाने काय काम केले, याचा हिशेब या मेळाव्यात मांडण्याची आपली प्रथा आहे. किती रुग्ण तपासले आणि किती शस्त्रक्रिया झाल्या, ते अहवालाच्या मागील पानांवर छापलेले आहेच. आज आम्ही त्या आकड्यांत न उमटणाऱ्या एका उणिवेविषयी बोलणार आहोत. ती उणीव आमची स्वतःची आहे आणि ती भरून काढण्यासाठी आम्हांला आपली मदत हवी आहे.

काही वर्षांपूर्वी चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, जखम उत्तम भरली, हाड जुळले. घरी जाताना त्यांच्या चिठ्ठीवर आम्ही कॅल्शियमच्या गोळ्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या लिहून दिल्या. तोंडी सांगितले, “आता जपून राहा. फार हालचाल करू नका.” मुलाने आणि सुनेने आमचा शब्द अक्षरशः पाळला. ताट पलंगावर येऊ लागले, पाण्याचा तांब्या उशाशी राहू लागला. देवपूजाही नातीने करायची आणि आजींनी पडल्यापडल्या हात जोडायचे, असा क्रम ठरला. आठ महिन्यांनी आजी पुन्हा आल्या. या वेळी दुसऱ्या बाजूचा खुबा मोडला होता.

औषधाची एकही पुडी चुकलेली नव्हती. पहिले हाड व्यवस्थित जुळलेले होते. मात्र मांड्यांचे स्नायू इतके झिजले होते, की खुर्चीच्या हातांना धरल्याविना त्यांना उठता येत नव्हते. सून म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. आमचं काय चुकलं?” तिला उत्तर देताना आम्हांला मान वर करवली नाही. तिचे काहीच चुकले नव्हते. चुकले होते ते आमचे. आम्ही हाडाची काळजी घेतली होती. ते हाड उचलून चालवणाऱ्या स्नायूंसाठी चिठ्ठीवर एक ओळही लिहिली नव्हती.

आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या माउलीच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

झीज कशी होते?

माणूस म्हातारा झाला की हातपाय बारीक होतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. ते स्वाभाविकच आहे, असे मानून वैद्यकशास्त्रानेही त्याला बराच काळ स्वतंत्र नाव दिले नव्हते. १९८९ मध्ये अमेरिकेतील डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ग्रीक भाषेतून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ ‘मांसाची उणीव’ असा होतो. नाव मिळाल्यावर ती मोजली जाऊ लागली आणि मोजल्यावर तिच्यावर उपायही शोधले जाऊ लागले.

पन्नाशीनंतर स्नायूंचे आकारमान वर्षाला साधारण एक टक्का या गतीने घटते आणि त्यांची शक्ती त्याहूनही वेगाने उतरते. ही घट रोज जाणवत नाही. एखाद्या दिवशी पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, काही महिन्यांनी बसच्या पायरीवर कोणाचा तरी आधार लागतो, पुढे पाटावर बसणेच बंद होते. आपण त्याला ‘गुडघे गेले’ असे म्हणतो. पुष्कळदा गुडघ्यांच्या आधी मांड्यांचे बळ गेलेले असते.

या संथ झिजेला पलंग फार मोठी गती देतो. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी सदुसष्ट वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. त्यांना आजार कोणताच नव्हता आणि आहारही पुरेसा होता. तरी त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस कमी झाले. निरोगी माणसाची ही गत, तर ताप, वेदना आणि अन्नावरची उडालेली वासना घेऊन आमच्या कक्षांत दोन-दोन आठवडे पडून राहणाऱ्या वृद्धांचे काय होत असेल, याचा आपणच विचार करावा. विश्रांती हेही एक औषध आहे. प्रत्येक औषधाप्रमाणे तिचीही मात्रा असते आणि ती मात्रा आम्ही आजवर मोजली नव्हती.

हाड कशाचे ऐकते?

हाड म्हणजे दगड अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हाड जिवंत असते आणि आयुष्यभर मोडत व बांधले जात असते. जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला सिद्धान्त आजही मुळात मान्य आहे : हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची घडण बदलते. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड असते. याउलट अंतराळात, जिथे शरीराला वजनच जाणवत नाही, तिथे सुदृढ अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का घटते. त्यांच्या आहारात कॅल्शियम असते, ‘ड’ जीवनसत्त्वही दिले जाते. तेवढ्याने ही घट थांबत नाही. म्हणूनच त्यांना रोज यंत्रांवर भाराचा व्यायाम करावा लागतो.

घर बांधणाऱ्यांना एक उदाहरण पटेल. कॅल्शियम आणि प्रथिने म्हणजे विटा आणि सिमेंट. ‘ड’ जीवनसत्त्व म्हणजे तो माल दारापर्यंत पोहोचवणारा गाडीवान. पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व नसेल, तर अन्नातील कॅल्शियमपैकी दहा-पंधरा टक्केच आतड्यांतून शोषले जाते. ते असेल तर तीस-चाळीस टक्के. परंतु माल दारात येऊन पडला म्हणून भिंत उभी राहत नाही. ‘इथे भिंत हवी’ असा हुकूम कोणीतरी द्यावा लागतो. शरीरात तो हुकूम भार देतो. स्नायू हाडाला ओढतो आणि पाऊल जमिनीवर दाब घेते, तेव्हा हाडाला कळते की आपली गरज आहे. आमच्या आजींच्या घरी विटा येत होत्या, गाडीवानही वेळेवर येत होता. हुकूम मात्र आम्हीच बंद केला होता.

नव्वदीतही बळ येते

“या वयात आता कसला व्यायाम?” हा प्रश्न आम्हांला रोज ऐकू येतो. त्याचे उत्तर १९९० मध्येच मिळालेले आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरातील वृद्धांच्या एका पुनर्वसन संस्थेत डॉ. मारिया फियातरोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा दुर्बल रहिवाशांना आठवड्यातून तीन वेळा पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. वजन लुटुपुटीचे नव्हते. प्रत्येकाच्या कमाल शक्तीच्या जवळपास ऐंशी टक्क्यांपर्यंत ते नेले होते. नऊ जणांनी आठ आठवड्यांचा क्रम पूर्ण केला. त्यांच्या मांड्यांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीनपट झाली. दोघांनी हातातली काठी सोडली. हात टेकल्याविना खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण उठू लागला.

याच प्रयोगातील आणखी एक गोष्ट आम्हांला तितकीच महत्त्वाची वाटते. व्यायाम बंद केल्यावर चारच आठवड्यांत त्यांची शक्ती ३२ टक्क्यांनी उतरली. बळ कमावता येते, पण त्याची ठेव करून व्याज खाता येत नाही. ते चालू खाते आहे.

१९९४ मध्ये याच संशोधकांनी शंभर वृद्धांवर मोठा अभ्यास केला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. काहींना व्यायाम दिला, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही आणि काहींना दोहोंपैकी काहीच नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची शक्ती दुपटीहून अधिक झाली आणि त्यांचा चालण्याचा व जिना चढण्याचा वेगही वाढला. ज्यांना केवळ पोषक पेय मिळाले होते, त्यांच्या शक्तीत फरक पडला नाही. बाजारात डब्यांतून मिळणाऱ्या शक्तिवर्धक भुकट्या वडीलधाऱ्यांसाठी प्रेमाने विकत आणणाऱ्या मंडळींनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

इतके वजन आणि यंत्रे आपल्याकडे कुठून आणायची, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने दिले. तेथील भौतिकोपचारतज्ज्ञ ऐंशी वर्षांवरील स्त्रियांच्या घरी गेले. त्यांनी घोट्याला बांधायची छोटी वजने दिली, तोल सांभाळण्याचे काही व्यायाम शिकवले आणि नेमाने चालायला सांगितले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २३३ स्त्रिया होत्या. वर्षभरात व्यायाम न करणाऱ्या गटात १५२ वेळा पडण्याचे प्रसंग घडले, व्यायाम करणाऱ्या गटात ८८ वेळा. पुढे अशाच चार अभ्यासांचे एकत्रित गणित मांडले, तेव्हा पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हे सारे राहत्या घरात, स्वयंपाकघरातील ओट्याला धरून घडले.

हाडांच्या घनतेविषयी ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उल्लेखनीय आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बऱ्यापैकी जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. यात ‘देखरेखीखाली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

आपल्या मातीला हा विचार नवा नाही. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार ही आपलीच देणगी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी आयुष्यभर खटपट केली. आपल्या आज्या-पणज्यांचे हात जात्याच्या खुंट्यावर आणि उखळाच्या मुसळावर घडले होते. ते कष्टाचे दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण कष्ट गेले, तेव्हा त्यांच्यासोबत भारही गेला आणि त्याच्या जागी आपण काहीच आणले नाही.

‘ड’ जीवनसत्त्वाचा खरा हिशेब

आता पुड्यांविषयी. ‘ड’ जीवनसत्त्व निरुपयोगी आहे, असा आमच्या बोलण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्याची तीव्र उणीव असेल, तर हाडे मऊ पडतात, अंग ठणकते, मांड्या आणि खांदे दुर्बल होतात आणि बदकासारखी डुलत चाल होते. अशा रुग्णाला योग्य मात्रा दिली, की काही आठवड्यांत तो उठून चालू लागतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आपल्या देशात ऊन मुबलक आहे, तरी ही उणीव सर्वत्र आढळते. २००० साली दिल्लीतील डॉ. रविंदर गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांची तपासणी केली. छताखाली काम करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांत ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांत ते बरेच चांगले होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर निरोगी तरुणांपैकीही सुमारे सत्तर टक्क्यांत ते अपुरे आढळले. ऊन अंगणात पडते. आपण सदनिकेत, कार्यालयात आणि वाहनात असतो.

इथे एक घरगुती समज दुरुस्त करायला हवी. सकाळचे कोवळे ऊन प्रसन्न असते, पण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व घडवणारे किरण त्यात फारच थोडे असतात. त्यासाठी सूर्य बराच वर यावा लागतो. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडली पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ही वेळ साडेनऊ-दहाच्या सुमारास येते, डिसेंबरात जेमतेम मध्यान्हीच्या आसपास. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो आणि वयोवृद्धांची त्वचा तरुणांच्या निम्म्याहूनही कमी जीवनसत्त्व तयार करते. म्हणून हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसणे चांगले. मात्र उन्हाळ्यात वृद्धांना भर दुपारी बसवू नये आणि केवळ उन्हाच्या भरवशावरही राहू नये. बांगडा, तारली यांसारखे मासे आणि अंड्यातील बलक यांतून काही अंश मिळतो. शाकाहारी घरांत अन्नातून मिळणारा वाटा नगण्यच असतो.

मग पुडी घ्यावी की नाही? याबाबतचे दोन मोठे अभ्यास वरवर परस्परविरोधी वाटतात. १९९२ मध्ये फ्रान्समधील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३,२७० स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८४ होते. ज्यांना रोज कॅल्शियम आणि ८०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व दिले, त्यांच्यात अठरा महिन्यांत खुबा मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात पन्नाशीपुढील २५,८७१ स्त्री-पुरुष होते. निम्म्यांना रोज २,००० युनिट देऊन पाच वर्षांहून अधिक काळ पाहिले. हाडे मोडण्याचे प्रमाण मुळीच कमी झाले नाही. दोन्ही अभ्यास खरे आहेत. फ्रान्समधील त्या वृद्धांच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा खडखडाट होता; अमेरिकेतील बहुतेकांकडे ते मुळातच पुरेसे होते. रिकाम्या हंड्यात पाणी ओतले तर उपयोगी पडते, भरलेल्या हंड्यात ओतले तर ते सांडते.

आणि काही वेळा नुसते सांडून थांबत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटांची मात्रा देऊन पाहिली. २०१० मध्ये निष्कर्ष आले : ती घेणाऱ्या स्त्रिया अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. २०१६ मध्ये झुरिकमधील अभ्यासात दरमहा ६०,००० युनिट घेणारे वृद्ध दरमहा २४,००० घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडले. साठ हजारांची पुडी आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. उणीव सिद्ध झाल्यावर ती आठवड्याला एक याप्रमाणे ठरावीक आठवडे घेणे योग्य असते. परंतु “चांगली असते म्हणे” म्हणून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे ती आणत राहणारे रुग्ण आम्हांला भेटतात. त्यांतील काहींना रक्तातील कॅल्शियम वाढून ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, भ्रम आणि मूत्रपिंडाचा विकार होऊन दाखल व्हावे लागते. २०२४ मध्ये अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनेने दिलेला सल्ला संयमाचा आहे : निरोगी माणसांची सरसकट रक्ततपासणी करू नये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी ‘ड’ जीवनसत्त्व घ्यावे, आणि पन्नाशीनंतर ते द्यायचे झाल्यास मोठ्या अंतराने मोठी मात्रा देण्यापेक्षा रोजची लहान मात्रा बरी.

घरी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे, की पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढवणारा व्यायाम करावा आणि किमान तीन दिवस तोल व बळ यांवर भर देणारे विविध व्यायाम करावेत. रोज फिरायला जाणे उत्तमच. ते हृदयासाठी हितकर आहे. पण नुसत्या चालण्याने मांड्यांना पुरेसा भार मिळत नाही.

आरंभ एका खुर्चीने करावा. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीत बसावे, हात छातीवर घ्यावेत आणि पाच वेळा उठून बसावे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार याला बारा सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर स्नायूंच्या बळाकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे. हीच कसोटी पुढे व्यायामही होते. हात न टेकता जमत नसेल, तर आसनावर उशी ठेवून उंची वाढवावी आणि जसजसे बळ येईल तसतशी उशी काढावी. याला जोड म्हणून ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, भिंतीला तळवे टेकून जोर काढावेत, घोट्याला वाळूची पिशवी बांधून बसल्या जागी पाय सरळ करावा आणि आधार हाताशी ठेवून एका पायावर उभे राहावे. आठ-दहा वेळा केल्यावर शेवटची दोन जड गेली पाहिजेत. अजिबात जड जात नसेल, तर वजन थोडे वाढवावे. व्यायाम करताना श्वास रोखून धरू नये. मोठ्याने अंक मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

काही पथ्ये सांगणे आमचे कर्तव्य आहे. छातीत दुखणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतेच मोडलेले हाड किंवा चक्कर येत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मणक्याची हाडे विरळ झालेल्यांनी कंबरेतून पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या एका छोट्या अभ्यासात असे व्यायाम करणाऱ्या बहुतेक स्त्रियांचे मणके नव्याने दबले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे फारच कमी घडले. आयुष्यभर सूर्यनमस्कार घातलेल्या आजोबांनाही अशा वेळी ‘पुढे वाकणे आता नको’ असे सांगावे लागते. म्हणूनच देखरेख हवी.

आहाराकडेही पाहावे. “आता वयात कशाला पाहिजे” म्हणत आपली वडीलधारी माणसे रात्री दूध-भातावर किंवा चहा-बिस्किटांवर भागवतात. वृद्धांना तरुणांपेक्षा प्रथिने कमी लागत नाहीत, थोडी अधिकच लागतात : शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम, असे तज्ज्ञांचे मत आहे. दोन्ही जेवणांत दाट वरण किंवा उसळ, शिवाय दही, पनीर, चालत असेल तर अंडे किंवा मासे, असा बेत ठेवावा. नाचणी आणि तीळ हे कॅल्शियमचे स्वस्त भांडार आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरच्या मंडळींना विनंती

आपल्या संस्कृतीत वडीलधाऱ्यांना काम करू देणे कमीपणाचे मानतात. “आई, तू बस. बाबा, तुम्ही उठू नका, आम्ही आणतो.” या शब्दांमागील माया आम्ही जाणतो. त्या आजींच्या घरीही ती ओतप्रोत होती. पण रोज वीस वेळा उठायचे ते दोनदाच उठू लागले, की त्या मायेची किंमत त्यांच्या मांड्या मोजतात. त्यांना पाण्याचा तांब्या स्वतः आणू द्या. तुळशीला पाणी घालू द्या, भाजीची पिशवी झेपेल तेवढी उचलू द्या. आपण मात्र न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, ओल्या फरशीवर खरखरीत पायपुसणे टाका, रात्री दिवा चालू ठेवा. जपायचे ते पडण्यापासून; उठण्यापासून नव्हे.

देणगीदारांना विनंती

आता आमची मागणी. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्या आजी आपल्या देवघरापर्यंत पुन्हा स्वतःच्या पायांनी गेल्या नाहीत. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला शक्यतो दुसऱ्याच दिवशी पलंगाखाली उतरवून उभे करतो. आणि बाह्यरुग्ण विभागाच्या कडेच्या व्हरांड्यात मंगळवारी व शुक्रवारी वृद्धांसाठी बळाचा वर्ग घेतो. साहित्य म्हणजे हात नसलेल्या लाकडी खुर्च्या आणि आमच्या परिचारिकांनी जुन्या चादरी शिवून भरलेल्या वाळूच्या पिशव्या. पहिल्या दिवशी दोघांनी धरून आणावे लागलेले एक निवृत्त गिरणी कामगार आता इतरांचे अंक मोजतात, तेही गिरणीच्या भोंग्यासारख्या खणखणीत आवाजात.

परंतु हा वर्ग मानद भौतिकोपचारतज्ज्ञांच्या सवडीवर चालतो. त्यांना सवड नसली की वर्ग बंद पडतो, आणि चार आठवडे बंद पडला तर काय होते, ते आपण आताच ऐकले. पुष्कळ रुग्ण बसचे दोन टप्पे बदलून येऊ शकत नाहीत. त्यांच्या घरी जाऊन शिकवणारे कोणी आमच्याकडे नाही.

या रुग्णालयातील जवळजवळ प्रत्येक यंत्रावर एखाद्या दात्याच्या आई-वडिलांचे नाव कोरलेले आहे आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. गेल्या वर्षी काही दात्यांनी हाडांची घनता मोजणारे यंत्र देण्याची इच्छा प्रकट केली. त्यांचा औदार्यभाव शिरसावंद्य मानूनही आम्ही नम्रपणे सुचवतो, की आज त्या यंत्रापेक्षा दोन पूर्णवेळ भौतिकोपचारतज्ज्ञांच्या काही वर्षांच्या वेतनाची आम्हांला अधिक गरज आहे. एक इथे वर्ग घेईल, दुसरा घरोघर जाईल. यंत्र हाड किती विरळ झाले ते सांगेल. ही माणसे त्या हाडाला पडू देणार नाहीत. वेतनावर नावाची पाटी बसवता येत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. वाळूच्या पिशवीवरही ती शोभणार नाही. ज्यांच्या नावाने आपण दान देता, त्या आपल्या मातापित्यांच्या वयाचे कोणीतरी एके दिवशी हात न टेकता पाटावरून उठेल, देवघरापर्यंत चालत जाईल आणि स्वतःच्या हाताने निरांजन लावील. पाटी तिथे असेल, असे समजावे.

त्या सुनेच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नव्हतो. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर उभे राहू, तेव्हा केलेल्या शस्त्रक्रियांच्या आकड्यासोबत टळलेल्या शस्त्रक्रियांविषयीही काही सांगता यावे, एवढीच आमची इच्छा आहे. ती पुरी करणे आपल्या हाती आहे.

 आता चहापानाची वेळ झाली आहे. सभागृहातील ज्येष्ठांना एक विनंती : चहा जागेवर मागवू नये. कृपया उठून टेबलापर्यंत यावे, आणि जमल्यास खुर्चीच्या हातांना न धरता उठावे.